विद्यापीठाची बातमी कशी वाचायची?

शंभर कोटींचं अनुदान. बी प्लस प्लस श्रेणी. कुणाच्या तरी संशोधनाला पेटंट. युवा महोत्सवात विजेतेपद. परदेशी संस्थेशी सामंजस्य करार. केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाबद्दल पेपरात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण जे वाचतो, ते बहुतेक या पाच साच्यांत बसतं. बातमी खोटी नसते. पण ती प्रसिद्धिपत्रकावरून आलेली असते, आणि प्रसिद्धिपत्रक अभिनंदनासाठी लिहिलेलं असतं. त्यातून माढ्यातल्या किंवा मंगळवेढ्यातल्या एखाद्या पालकाला, ज्याची मुलगी यंदा बारावी झाली आहे, त्या श्रेणीचा आणि त्या कोटींचा आपल्या घराशी काय संबंध, हे काही उमगत नाही. कौतुक करायला माझी हरकत नाही. फक्त कशाचं कौतुक चाललंय ते आधी कळावं.

एका जिल्ह्याचं विद्यापीठ

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालं. त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या, १९६२ साली सुरू झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती आणि सोलापुरात त्या विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. मार्च २०१९ मध्ये विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. जुनी माणसं अजूनही नुसतं ‘सोलापूर विद्यापीठ’च म्हणतात.

या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र फक्त सोलापूर जिल्हा, म्हणजे अकरा तालुके आणि शंभरावर कॉलेजं. शिवाजी विद्यापीठाकडे आजही कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे आहेत. पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर, नाशिक. संलग्न कॉलेजं असलेलं आणि एवढं छोटं कार्यक्षेत्र असलेलं पारंपरिक विद्यापीठ राज्यात दुसरं नाही. याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क कमी जमतं, त्यामुळे स्वतःच्या उत्पन्नातून काही उभं करायचं तर हात आखडता राहतो. उलट करमाळ्याचा किंवा सांगोल्याचा विद्यार्थी मार्कलिस्टमधलं नाव दुरुस्त करायला सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी घरी परतू शकतो. पूर्वी त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागायचं. हा फायदा कुठल्याच क्रमवारीत मोजला जात नाही, पण विद्यापीठ मागितलं गेलं त्यामागे हीच गरज होती.

म्हणून पुण्याशी एकूण आकड्यांची तुलना करणाऱ्या पोस्ट मी वाचत नाही. किती पीएचडी, किती शोधनिबंध, किती पदकं, हे सगळं विद्यार्थिसंख्येनं आणि प्राध्यापकसंख्येनं भागल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आणखी एक घोळ कायम होतो. सोलापुरातलं प्रत्येक मोठं शैक्षणिक नाव या विद्यापीठाचं नसतं. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. कृषी शिक्षण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. केगावलाच असलेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र भारतीय कृषी संशोधन परिषदेचं. त्यामुळे डाळिंबाच्या नव्या वाणाची बातमी आली तर ती केगावची असेल, विद्यापीठाची नव्हे. संगमेश्वरसारखं स्वायत्त कॉलेज मात्र विद्यापीठाच्याच छत्राखाली येतं: अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज ठरवतं, पदवी विद्यापीठ देतं.

बी प्लस प्लस म्हणजे किती?

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, १९९४ साली स्थापन केलेली ही संस्था बंगळुरूला आहे. तिचं काम संस्थेची तपासणी करून श्रेणी देणं. आधी विद्यापीठ स्वतःबद्दलचा भलामोठा अहवाल ऑनलाइन भरतं. त्यातले आकडे कागदपत्रांशी ताडून पाहिले जातात. मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती, जिला सगळे ‘पीअर टीम’ म्हणतात, प्रत्यक्ष येऊन पाहणी करते. गुणांचा साधारण ७० टक्के भाग आकड्यांवरून ठरतो आणि ३० टक्के समितीच्या मतावरून. समिती यायच्या आठवड्यात भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, फलक नवे होतात. ती सगळी धावपळ या ३० टक्क्यांतल्या एका कोपऱ्यासाठी असते. खरा निकाल आधीच्या पाच वर्षांच्या फायलींमध्ये बंद असतो.

शेवटी ४ पैकी एक सरासरी निघते. तिला सीजीपीए म्हणतात. सोलापूर विद्यापीठाला २०१५ साली २.६२ मिळाले आणि श्रेणी आली बी. २०२२ साली २.९६ मिळाले आणि श्रेणी आली बी प्लस प्लस.

वाचणाऱ्याला वाटतं, दोन पायऱ्यांची उडी. ती तशी नाही. मधल्या काळात, २०१६ च्या सुमारास, नॅकनं पट्टीच बदलली. जुन्या पट्टीत २.०१ पासून ३.०० पर्यंत सगळे एकाच बी मध्ये असायचे. नव्या पट्टीत त्याच टप्प्याचे तीन तुकडे झाले: २.०१ ते २.५० बी, २.५१ ते २.७५ बी प्लस, २.७६ ते ३.०० बी प्लस प्लस. त्यापुढे ३.०१ ते ३.२५ ए, ३.२६ ते ३.५० ए प्लस आणि ३.५१ पासून वर ए प्लस प्लस.

आता दोन्ही गुण दोन्ही पट्ट्यांवर ठेवून पाहा. २०१५ चे २.६२ नव्या पट्टीवर बी प्लस ठरले असते. २०२२ चे २.९६ जुन्या पट्टीवर बीच राहिले असते. म्हणजे खरी वाढ ०.३४ ची. निकषांची मांडणीही मध्ये बदलल्यानं ही तुलना ढोबळ आहे, पण अक्षरांपेक्षा बरीच प्रामाणिक आहे. दुसरीकडे, ‘आपल्याला साधी ए सुद्धा मिळाली नाही’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही पाहावं की ए ची सीमा ३.०१ वर आहे, आणि विद्यापीठ तिच्या ०.०५ खाली थांबलं. चारपैकी ०.०५ म्हणजे शंभरात सव्वा गुण. एवढ्यावरून ना हार घालावेत, ना गळा काढावा.

हे गुण कशाचे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. विद्यापीठांसाठी एकूण १,००० गुण सात निकषांत वाटलेले असतात. सर्वांत मोठा वाटा संशोधन आणि विस्तारकार्याचा, २५०. अध्यापन आणि मूल्यमापनाला २००. अभ्यासक्रमाला १५०. इमारती-ग्रंथालय, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, प्रशासन, संस्थेची मूल्यं या चारांना प्रत्येकी १००. संलग्न कॉलेजांचं गणित वेगळं: तिथे अध्यापनालाच ३५० असतात, संशोधनाला त्याच्या निम्म्याहून कमी.

त्यामुळे बारावीनंतरच्या प्रवेशासाठी विद्यापीठाची श्रेणी बघणं म्हणजे चुकीच्या खिडकीत रांग लावणं. विद्यापीठाचं मूल्यांकन मुख्यतः केगावच्या परिसरातल्या विभागांचं असतं, आणि तिथे प्रामुख्यानं पदव्युत्तर शिक्षण चालतं. तुमची मुलगी बीए, बीकॉम, बीएस्सीला जाणार ती कॉलेजात, आणि कॉलेजची नॅक श्रेणी स्वतंत्र असते. अकलूजच्या कॉलेजची वेगळी, बार्शीच्या कॉलेजची वेगळी. पाहायची ती कॉलेजची श्रेणी, आणि ती कोणत्या वर्षी मिळाली ते वर्ष. श्रेणीची मुदत साधारण पाच वर्षांची असते. मुदत संपलेली श्रेणी गेटवरच्या कमानीवर मात्र दिमाखात झळकत राहते.

नॅकच्या प्रक्रियेत विद्यार्थ्यांचंही मत घेतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. अध्यापनाच्या निकषात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं; त्याची प्रश्नावली थेट ई-मेलवर येते. मुलं ती उघडत नाहीत, हा भाग वेगळा.

ही पद्धत निर्दोष आहे असं कुणी मानू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेच्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्या प्राध्यापकांना अटक केली. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्येच, नॅकनं अक्षरी श्रेणी मोडीत काढून ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ एवढाच शिक्का मारण्याची आणि त्यापुढे एक ते पाच असे स्तर ठेवण्याची योजना जाहीर केली होती.

एनआयआरएफ हे वेगळं प्रकरण. ती केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी, २०१६ पासून निघते. नॅक म्हणजे आपण किती गुणांनी पास झालो. एनआयआरएफ म्हणजे वर्गात कितवे आलो. राज्य सार्वजनिक विद्यापीठांसाठी त्यात २०२४ पासून वेगळा गट झाला, तेव्हा चेन्नईचं अण्णा विद्यापीठ पहिलं आणि पुणे विद्यापीठ तिसरं होतं. या क्रमवारीत १० टक्के गुण ‘लोकांना काय वाटतं’ याला असतात. वीस वर्षांच्या विद्यापीठाला हा निकष जड जातो, कारण देशभरच्या लोकांना त्याबद्दल अजून फारसं काही वाटतच नसतं.

शंभर कोटी येतात कसे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या पीएम-उषा योजनेतून सोलापूर विद्यापीठाला १०० कोटी रुपये मंजूर झाले. २०१३ साली सुरू झालेल्या रुसा योजनेचंच हे २०२३ नंतरचं नवं रूप. त्यातल्या बहुविद्याशाखीय शिक्षण आणि संशोधन विद्यापीठ या गटात देशभरातली २६ विद्यापीठं निवडली गेली, प्रत्येकाला १०० कोटी. एका जिल्ह्याच्या, नॅकमध्ये ए न मिळालेल्या विद्यापीठाचं नाव त्या २६ मध्ये येणं ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली खरी मोठी बातमी. श्रेणीच्या बातमीपेक्षा मोठी.

पण ‘मिळाले’ या शब्दाचा अर्थ इथे बेतानं घ्यायचा. ही रक्कम एकरकमी खात्यावर पडत नाही. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. पैसा टप्प्याटप्प्यानं येतो, आधीच्या टप्प्याचा खर्च दाखवला की पुढचा सुटतो. आणि तो मंजूर बाबींवरच खर्च करता येतो: नवं बांधकाम, जुन्या इमारतींचं नूतनीकरण, उपकरणं, प्रशिक्षणासारख्या काही गोष्टी. संलग्न कॉलेजांच्या वाट्याला यातलं थेट काही येत नाही. म्हणून पंढरपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा नळ गळत असेल तर ‘शंभर कोटींचं काय झालं’ हा प्रश्न चुकीच्या पत्त्यावर जातो.

योग्य प्रश्न दुसरा आहे. इमारत उभी राहील, यंत्र येईल. ते वापरून शिकवणार कोण? कायमस्वरूपी प्राध्यापकांची पदं राज्य सरकारच्या मंजुरीनं भरली जातात, आणि राज्यातल्या सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांत ती मोठ्या संख्येनं रिकामी राहत आली आहेत. विभाग चालतात ते कंत्राटी आणि सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षकांच्या जिवावर. तासाला पैसे घेणारा माणूस तास संपल्यावर प्रयोगशाळेत का थांबेल? नॅकच्या अहवालात कायम शिक्षकांचं प्रमाण द्यावं लागतं. कोट्यवधींच्या बातमीसोबत तो आकडा छापला तर बातमी पुरी होईल.

पेटंट निघालं, म्हणजे नेमकं काय निघालं?

सगळ्यात जास्त गैरसमज या बातमीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. हे फक्त सोलापूरचं नाही. राज्यभरच्या कॉलेजांचे फेसबुक पेज पाहिले की कळतं.

पेटंटसाठी अर्ज केला की तो १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. हे जर्नल दर शुक्रवारी निघतं. घाई असेल तर वेगळं शुल्क भरून लवकर प्रसिद्धीची विनंती करता येते. मग महिन्याभरात काम होतं. इथपर्यंत त्या शोधात काही दम आहे की नाही, हे कुणीही तपासलेलं नसतं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर निबंधक कार्यालयाच्या फळ्यावर तीस दिवस नोटीस लागते ना, पेटंट प्रसिद्ध होणं ही ती नोटीस आहे. हरकत घ्यायची तर घ्या. लग्न अजून लागायचंय.

त्यानंतर तपासणीची वेगळी मागणी करावी लागते. मग परीक्षक जगभरातलं आधीचं काम धुंडाळतो, आक्षेप काढतो, अर्जदारानं उत्तरं द्यायची. शोध नवा आहे, सहज सुचण्यासारखा नाही आणि उद्योगात वापरता येईल, एवढं पटलं तरच पेटंट मंजूर होतं. ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, आणि दरवर्षीचं शुल्क भरलं तरच. कित्येक अर्ज तपासणीच्या मागणीपर्यंतही जात नाहीत, कारण पदोन्नतीच्या फाइलला ‘प्रसिद्ध’ एवढंच पुरलेलं असतं. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे अर्ज करणं स्वस्त झालं. हे चांगलंच झालं. पण अर्जांची संख्या वाढली, म्हणजे शोध त्याच प्रमाणात वाढले असं होत नाही.

तिसरा प्रकार डिझाइन नोंदणीचा. त्यात वस्तूच्या फक्त बाह्य रूपाला संरक्षण मिळतं: १० वर्षं, पुढे आणखी ५. आत यंत्र चालतं की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. परदेशातली डिझाइन नोंदणी तर पुष्कळदा ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणून छापली जाते. त्यामुळे बातमी वाचताना दोनच शब्द शोधा: ‘प्रसिद्ध’ की ‘मंजूर’. दोन्ही नसतील तर ‘नोंदणी’ हा शब्द कुठे दडलाय ते पाहा.

जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी ही अशीच दरवर्षीची बातमी. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन योआनिडिस आणि सहकारी तयार करतात. आधार असतो स्कोपस या शोधनिबंधांच्या विदागारातल्या उद्धरणांचा. उद्धरण म्हणजे तुमच्या शोधनिबंधाचा दुसऱ्या संशोधकानं दिलेला दाखला. याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक केवळ त्या वर्षाची. कारकिर्दीच्या यादीत नाव येणं फार वेगळी गोष्ट आहे. बातमीत कोणती यादी ते सांगितलेलं नसतं. सोलापुरात अशी नावं भौतिकशास्त्र आणि मटेरियल सायन्समधून येतात, आणि ते साहजिक आहे. पातळ थर, वायू ओळखणारे संवेदक या विषयांवर विद्यापीठात सातत्यानं काम झालं आहे, आणि त्या क्षेत्रात जगभर झपाट्यानं लिहिलं आणि उद्धृत केलं जातं. ही कामगिरी खरी आहे. सोबत येणारा एच-इंडेक्स मात्र समजून घ्यावा: एखाद्याचा एच-इंडेक्स २० असेल तर त्याचे किमान २० शोधनिबंध असे आहेत की प्रत्येकाला किमान २० दाखले मिळाले. भौतिकशास्त्रातला २० आणि मराठी विभागातला २ यांची तुलना होऊच शकत नाही.

कारण मोजपट्टीत बसत नाही असं काम या जिल्ह्यात भरपूर आहे. भीमा आणि सीना जिथे मिळतात त्या हत्तरसंग-कुडलला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांमध्ये त्याची गणना होते. तो प्रकाशात आणला सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी. असल्या कामावर मराठीत लेख लिहिला तर स्कोपसच्या खात्यात शून्य जमा. विद्यापीठानं दोन टक्क्यांच्या यादीचा फलक जरूर लावावा. जिल्ह्यातले शिलालेख, बोलीभाषा, हातमाग-यंत्रमागाचा इतिहास यांवर काम करणाऱ्यांसाठी त्याहून छोटा का होईना, एक फलक असायला हवा.

पीएचडीबद्दल एवढंच: एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करता येतं, आणि २०२२ च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. सामंजस्य करारांवर मी एक ओळही खर्च करणार नाही, झाली एवढी पुरे. करारानंतर वर्षभरात किती विद्यार्थी तिकडे गेले, ही बातमी आली तर सांगा.

महोत्सव, शिबिरं आणि पदकं

युवा महोत्सव हा मात्र आकड्यांच्या बाहेरचा आनंद. दरवर्षी जिल्ह्यातल्या कॉलेजांचे संघ एका ठिकाणी जमतात: पथनाट्य, मूकनाट्य, लोकनृत्य, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम, वक्तृत्व. वेशीपर्यंतही कधी एकटी न गेलेली मुलगी तीन दिवस मैत्रिणींबरोबर परगावी राहते, रात्री उशिरापर्यंत तालीम करते. घरी पटवणं हीच तिची पहिली फेरी असते. लावणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या अकलूजच्या आणि भजन-भारूडाच्या पंढरपूरच्या या जिल्ह्यात लोककलेच्या स्पर्धा चुरशीच्या झाल्या नाहीत तरच नवल.

पुढचा रस्ता दोन फाट्यांचा आहे, आणि बातम्यांमध्ये ते एकमेकांत मिसळतात. एक राज्याचा: ‘इंद्रधनुष्य’ हा कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या कार्यालयाकडून चालणारा आंतरविद्यापीठ युवा महोत्सव. त्याच धर्तीवर खेळांसाठी ‘अश्वमेध’, संशोधनासाठी ‘आविष्कार’ आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासाठी ‘आव्हान’. दुसरा रस्ता देशाचा: भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धा, आधी पश्चिम विभाग, मग राष्ट्रीय. ‘राष्ट्रीय स्पर्धेत निवड’ आणि ‘पश्चिम विभागात सहभाग’ यांत खूप अंतर आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बातम्या सहसा आतल्या पानावर, ओळीत उभ्या मुलांच्या फोटोसह येतात आणि कुणी वाचत नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ही योजना देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज स्वयंसेवकानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय एखाद्या गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. आषाढीला लाखो वारकरी पंढरपुरात येतात तेव्हा गर्दीत आणि स्वच्छतेच्या कामात हीच मुलं दिसतात. नॅकच्या २५० गुणांमधल्या ‘विस्तारकार्य’ या शब्दाचा अर्थ बराचसा हा.

दीक्षान्त समारंभातली सुवर्णपदकं बहुधा दात्यांनी ठेवलेल्या ठेवींच्या व्याजातून दिली जातात. पदकावर आई-वडिलांचं किंवा गुरूचं नाव असतं. कुठल्या विषयाला पदकं जास्त आहेत त्यावरून गावातल्या दात्यांचा कल कळतो, विषयाची पातळी नाही.

बातमी न होणाऱ्या बातम्या

निकाल वेळेत लागला की त्याचंही कौतुक छापून येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांत निकाल लावणं बंधनकारक आहे. म्हणजे ४५ दिवसांत लागलेला निकाल हे कर्तव्य झालं, उशीर झाला तर ती बातमी. तरी इतर मोठ्या विद्यापीठांचे निकाल लांबलेले पाहिल्यावर इथे वेळेत लागलेल्या निकालाला मी मनातल्या मनात दाद देतो. पुण्याला किंवा मुंबईला पुढच्या प्रवेशासाठी जाणाऱ्या मुलाचं वर्ष वाचतं ते श्रेणीनं नाही, या तारखेनं.

श्रेयांकांचंही, म्हणजे क्रेडिट्सचंही तसंच. नव्या शैक्षणिक धोरणानंतर वर्गातले १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. हे श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या २०२१ पासूनच्या राष्ट्रीय खात्यात जमा होतात आणि साधारण सात वर्षं टिकतात. एक वर्ष करून मुलगी घरच्या अडचणीमुळे थांबली तर तिला प्रमाणपत्र मिळू शकतं, दोन वर्षांनी पदविका, आणि परत आल्यावर पुढून सुरुवात करता येते. ज्या जिल्ह्यात दुसऱ्या वर्षाला असताना मुलीचं लग्न ठरणं ही नवलाची गोष्ट नाही, तिथे ही तरतूद शंभर कोटींइतकीच मोलाची आहे. पण खातं उघडलंय का, त्यात श्रेयांक खरंच चढलेत का, हे ज्याचं त्यानं पाहावं लागतं. कॉलेजनं माहिती वर पाठवलीच नसेल तर खातं रिकामं राहतं.

आणि या सगळ्याचा हिशेब विचारायची जागा कोणती? अधिसभा, जिला सगळे सिनेट म्हणतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल तिच्यासमोर मांडले जातात, वर्षातून किमान दोनदा ती बसते, सदस्य प्रश्न विचारू शकतात. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेले १० सदस्य असतात. त्यांतल्या ५ जागा राखीव. निवडणूक दर पाच वर्षांनी. मत देण्यासाठी मात्र नुसती पदवी असून चालत नाही. पदवीधर म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती निवडणुकीआधी विद्यापीठ जाहीर करेल त्या मुदतीत. बहुतेक पदवीधरांना हे निवडणूक झाल्यावर कळतं, म्हणून नोंदणीचे फॉर्म भरून घेण्याचं काम आजवर उमेदवारांच्या कार्यकर्त्यांनीच केलं आहे. फॉर्मसोबत पदवी प्रमाणपत्राची प्रत आणि जिल्ह्यात राहत असल्याचा पुरावा लागतो.